आबांची कबुतरं

शहराहून परतल्या परतल्या सुनेचं नि आबांचं वाजलं, ते कबुतरांवरून.

नऊ वर्षांच्या नातीला घरात भिंगरी म्हणत. पण चार महिने पोर खोकून खोकून अर्धी झाली होती. गोठ्यापासून विहिरीपर्यंत गेली तरी धापा टाकी. दवाखान्यात ठेवलं की आठवड्यात टवटवीत, घरी आणलं की पुन्हा ताप. शेवटी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचे फोटो बघितले नि विचारलं, घरात पक्षी आहेत का?

होते ना! आबांची चाळीस कबुतरं गोठ्याच्या माळ्यावर होती, आणि खुराडी झाडायची भिंगरीच. बाईंनी समजावलं, पिसांची नि विष्ठेची ती धूळ एखाद्याच पोराला बाधते, फुप्फुसं आतून सुजतात. गोळ्या देते, पण आधी कबुतरं हलवा.

आबांनी ऐकलं नि उसळले. म्हणाले, उभा जन्म त्यांच्यात काढला, मला कधी साधी शिंक आली नाही.

"तुम्हाला सोसलं, आबा," सून म्हणाली. "पोरीला नाही सोसत."

भिंगरीची रवानगी मामाकडे झाली. दुसऱ्या दिवशी आबांनी झाकणाच्या टोपल्यांत कबुतरं भरली नि तीन गावं पलीकडच्या गिरणीवाल्याला देऊन आले. बैलगाडी दारात आली तेव्हा चाळीसच्या चाळीस छपरावर बसून त्यांचीच वाट बघत होती. गाव पोट धरून हसलं.

पुन्हा नेली. गिरणीवाल्यानं महिनाभर कोंडून ठेवली. तेवढ्यात आबांनी तोंडाला फडकं बांधून खुराडी मोडली, माळा पाण्यानं धुतला, भिंती सारवल्या. तरी सोडल्यावर सहा-सात आलीच. आबांनी ढेकळं मारून हाकलली. मारताना नेम मुद्दाम चुकवत होते, हे सुनेला दिसलं. दोन दिवस घिरट्या घालून पाखरं गिरणीच्या दाण्यांकडे गेली ती गेलीच. आबा त्या रात्री जेवले नाहीत.

तीन महिन्यांनी भिंगरी आली. गाल भरलेले. आबा फाट्यावर न्यायला गेले, तर पोर हात सोडून बांधाबांधानं घराकडे सुसाट सुटली. आबा मागून धावले नि निम्म्या वाटेत दगडावर बसले.

भिंगरी माघारी आली, कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"आबा, धाप लागली व्हय? चला, डॉक्टरीणबाईंकडून तुमच्या बी छातीचा फोटो काढून आणू."

आबा दम खात खुदुखुदु हसत राहिले.