निवडून आलेली लेस्या

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात सिनेटच्या जागेसाठी मतदान होतं खरं, पण ते नुसतं शिफारशीपुरतं, आणि तेही ठरावीक मुदतीचं. नेमणूक राजधानी ओटावात, पंतप्रधानांच्या मर्जीवर. हे माहीत असूनही गुरांची डॉक्टर लेस्या हावरिलक उभी राहिली आणि सव्वादोन लाख मतं घेऊन पहिली आली. मग चार वर्षं जागा रिकामी होण्याची वाट बघत बसली.

जागा रिकामी झाली आणि महिन्याभरात ऑरेस्ट बाबियुक तिच्या दवाखान्यात आले. शाळेत ते तिचे हेडमास्तर होते.

"लेस्या, ओटावाहून फोन आला. ती जागा मला देतायत."

तिने हातमोजे काढले. "तुम्ही अर्ज केला होता?"

"केला होता. मिळेलसं वाटलं नव्हतं."

"मला सव्वादोन लाख मतं पडली, सर. तुम्हाला किती?"

"एक," सर म्हणाले. "नको म्हणून कळवू का?"

"कळवून काय होणार? मला थोडीच देणार आहेत? दुसऱ्या कुणाला देतील." तिने हातमोजे कचऱ्यात टाकले. "जा तुम्ही. पण पहिला ठराव हाच मांडा, की प्रांताने निवडलेलाच माणूस नेमायचा."

सरांनी तसा शब्द दिला आणि पाळला. ठरावाचा मसुदा लेस्यानेच लिहून दिला. नंतर दर आठवड्याला ती फोन करायची, आणि दर आठवड्याला उत्तर तेच: चर्चा तहकूब. शेवटी वैतागून ती स्वतःच ओटावाला गेली आणि सिनेटच्या प्रेक्षक-सज्जात जाऊन बसली. ठराव पुकारला गेला. समोरच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "पुढे ढकला." लगेच पुढचा विषय निघाला.

बाहेर तिने विचारलं, "त्या बाई विरोधात आहेत का?"

"नाही गं. त्यांना ठरावावर बोलायचंय. तयारी चाललीय, अकरा महिने झाले."

"आणि तुम्ही गप्प बसता?"

"इथे ओरडायची पद्धत नाही."

"शाळेत बरी होती."

सर ओशाळून हसले. ती हसली नाही.

वसंतात अधिवेशनच गुंडाळलं आणि ठराव आपोआप बाद झाला. "पुन्हा मांडतो, पहिल्यापासून," सर फोनवर म्हणाले. पंचाहत्तरीला निवृत्ती, त्यांचं एकच वर्ष उरलं होतं. तिच्या निवडीची मुदत तर ऑक्टोबरातच संपत होती.

"मांडा," ती म्हणाली आणि बूट चढवून एका अडलेल्या गाईकडे गेली.

गोठ्यात गाईच्या मालकाने विचारलं, "डॉक्टर, यंदा पुन्हा उभ्या राहणार ना? आमची मतं तुम्हालाच."

"आधी तो दोर नीट धर," लेस्या म्हणाली.