शिक्षक दीन समारंभ

"गहिनीनाथ! हे काय छापून गेलंय?"

प्राचार्यांच्या केबिनमधून ओरडण्याचा आवाज आला आणि पंकजाचे हात कीबोर्डवर थांबले.

"'शिक्षक दीन समारंभ'! दुसरी वेलांटी! पाहुणे फोन करून विचारतात, तुमचे शिक्षक एवढे गरीब झाले का म्हणून. पंकजाचं पत्र न तपासता पाठवलंच कसं तुम्ही?"

"आरती रजेवर हाय सर," हेडक्लार्क गहिनीनाथ पुटपुटले. "ध्यानात न्हाई राहिलं."

पत्र पंकजाचं, चूक पंकजाची, आणि बोलणी गहिनीनाथांना? ती काठी घेऊन दारात गेली. "सर, ते पत्र मी केलंय. मला बोला."

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं, तुला कशाला बोलू? तुझं काम छानच असतं. जा, चहा घे."

राहुरीच्या त्या कॉलेजात पंकजा दोन वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागली होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण बोटं अशी पळायची की येणारे-जाणारे थांबून बघायचे. कॉम्प्युटर तिचं पत्र वाचून दाखवायचा, तिला ते बरोबर ऐकू यायचं. एकही पत्र कधी परत आलं नव्हतं. ऊसतोडीवरून आईचा फोन आला की ती अभिमानाने सांगायची, माझ्या कामात चूक निघत नाही.

तिने गहिनीनाथांना व्हरांड्यात गाठलं. "भाऊ, माझी पत्रं कोण तपासतं?"

"आरती. तू घरी गेलीस की दुरुस्त करायची. पहिल्यापासनं. सरच म्हनले, पोरीचं मन दुखवू नका."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"व्हय."

तिने तिथूनच आरतीला फोन लावला. शेजारच्या टेबलावरची आरती बाळंतपणाला नेवाशाला माहेरी गेली होती.

"पंकजा, रागावू नकोस गं. मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"आता चांगलं वाटतंय का? दोन वर्षं शेजारी बसून डबा खाल्लास माझ्याबरोबर. एकदा म्हणायचं होतं, हा शब्द चुकला म्हणून!"

आरती रडायला लागली. पंकजाने फोन ठेवून दिला.

दिन आणि दीन कॉम्प्युटर सारखंच बोलतो. फरक कळायला शब्द बोटांखाली यावा लागतो. पाचवीपर्यंत तो यायचा. मग शाळेत बोलणारे फोन आले आणि बाई म्हणाल्या, आता ठिपके चाचपत कशाला बसायचं? ब्रेलची पुस्तकं कपाटात गेली. पुढे परीक्षेत ती सांगायची, लेखनिक लिहायचा. शुद्धलेखन त्याचं आणि पहिला वर्ग तिचा. टायपिंगच्या परीक्षेतही चुका सवलत म्हणून सोडल्या. सगळ्यांनी तिच्यावर माया केली आणि तिला अडाणी ठेवलं.

ती न विचारता केबिनमध्ये शिरली.

"आजपासून माझी पत्रं मीच दुरुस्त करणार. चूक निघाली की मला सांगायची. माझ्या तोंडावर."

"पंकजा, वेळ किती जाईल! तुझ्याच भल्यासाठी—"

"माझं भलं मला न विचारता करू नका, सर! चुकले तर मेमो द्या. पगार मला देता ना? मग शिव्याही मलाच द्या."

सर कोरड्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. ती सगळी आमंत्रणं पुन्हा टाइप कर. उद्या सकाळी टेबलावर हवीत."

संध्याकाळी गहिनीनाथ तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. ते चूक सांगत, ती बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकत मागे जाई.

"'पूर्ण'ला दुसरा उकार. आन् बाणातला ण. तू नळातला घातलाय."

हे तिला आज, नोकरी लागल्यावर, कळत होतं. तिने इतक्या जोरात अक्षर खोडलं की कीबोर्ड सरकला.

"तुझी बस जाईल पोरी. बाकीचं मी करतो."

"हात लावू नका," पंकजा म्हणाली. "पुढची चूक सांगा."