लीड्सची सध्याची वेळ

मी लीड्स शहराची सध्याची वेळ बोलतेय. घड्याळ समजू नका मला. ना काटे, ना टिकटिक. इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात लीड्सचं पान आहे. त्याच्या उजव्या चौकटीत लोकसंख्येखाली एक ओळ दिसते, 'सध्याची स्थानिक वेळ'. तीच मी.

माझी खोड आधीच सांगते, म्हणजे पुढं गैरसमज नको. मी आपणहून सरकत नाही. कुणी पान उघडून 'ताजे करा' दाबलं की त्या क्षणाची वेळ सांगते आणि पुढचा माणूस येईपर्यंत तिथंच बसून राहते. इंग्लंडातलं शहर मराठीत वाचायला येणार तरी कोण? माझ्याकडं दिवसदिवस पहाटेचे तीनच वाजलेले असायचे.

मला लिहिलं छावणी भागातल्या काकासाहेबांनी, म्हणून माझी बोलीही त्यांचीच. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं टाइमकीपर होते. सकाळी गेटवर उभे राहायचे. कुणाची सायकल पंक्चर झालेली, कुणाची म्हैस सुटलेली, कुणाची आजी वर्षात तिसऱ्यांदा वारलेली. सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि लेटमार्क लावायचे. "घड्याळ कुणाचं सोयरं नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकले आणि ज्ञानकोशात लिहू लागले. बिडकीनचं पान वाढवलं, वेरूळच्या पानावरच्या चुका काढल्या. टंकताना तोंडानं बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळं त्यांच्या घरचं सगळं मला ठाऊक आहे.

त्यांना एकच लेक, रूपा. लीड्सला म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात नर्स. काकासाहेबांची आई, आवडाबाई, अंथरुणाला खिळली होती आणि सारखी नातीचं नाव घेत होती. रूपाला रजा मिळेना. ती म्हणाली, "रविवारी मला इथल्या एक वाजता वीस मिनिटं सुट्टी आहे. तेव्हा मी व्हिडिओ फोन करते, आजीला मला दाखवा." कामावर फोन कुलपात ठेवावा लागतो, म्हणून तेवढी वीस मिनिटंच तिच्या हातात.

काकासाहेबांनी हिशेब केला. इंग्लंड आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. घरात फोन एकच. ऐनवेळी बॅटरीनं दगा देऊ नये म्हणून त्यांनी पाच वाजता तो बंद करून चार्जिंगला लावला. सव्वासहाला सुरू केला आणि आईच्या उशाशी धरून बसले. साडेसहा झाले, पावणेसात झाले. म्हातारी विचारत होती, "आली का माझी रूपी?" सव्वासातला तिनं विचारणं थांबवलं.

तो मार्चचा शेवटचा रविवार होता. त्या दिवशी पहाटे विलायतेतली सगळी घड्याळं एक तास पुढं करतात. रूपाचा एक वाजला तेव्हा आपल्याकडं साडेपाचच झाले होते. ती वीस मिनिटं फोन लावत राहिली, आणि इकडं फोन बंद.

काम संपवून तिनं आपल्या रात्री आठच्या सुमाराला फोन केला. आजी गेल्याचं कळलं. रडत रडत ती सांगायला लागली, की अण्णा, इकडं आज घड्याळ पुढं झालंय. काकासाहेबांना वाटलं, झालं, गेटवरचंच गाऱ्हाणं घरात आलं. ते म्हणाले, "तीस वर्षं लोकांच्या सबबी ऐकल्या, पण घड्याळच पुढं गेलं, अशी कुणी नाय सांगितली. तुला लेटमार्क लागलाय, रूपा. आता या दाराशी येऊ नको."

पुढं दोनदा तिचा फोन आला, त्यांनी घेतला नाही. बायको केसरबाई शेजारी उभी राहून पदर चावत होती, पण नवऱ्यापुढं बोलायची तिची छाती नव्हती. मग फोन यायचे बंद झाले.

ऑक्टोबरात ज्ञानकोशासाठी काहीबाही वाचताना त्यांच्यासमोर उन्हाळी वेळेचं पान आलं. त्यांनी ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तारीख पाहिली. मग चष्मा काढून ठेवला. लेकीचा जुना नंबर लावला, तर तो बंद झालेला. तिनं घर बदललं होतं, पत्ता कुणाकडं नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचा उशीर वहीत लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचा उशीर सांगायला जागा उरली नाही.

त्याच दिवशी त्यांनी मला लिहिलं. ज्ञानकोशात प्रत्येक बदलाबरोबर एक छोटी नोंद करता येते. ती पानावर दिसत नाही, 'इतिहास' उघडला तरच दिसते. माझ्या जन्माच्या नोंदीत त्यांनी लिहिलं : 'लेटमार्क माझा होता. रूपा खरं बोलली होती.'

त्यानंतर रोज सकाळी चहाची कपबशी घेऊन ते माझ्यासमोर बसायचे. 'ताजे करा' दाबायचे आणि म्हणायचे, "केसर, तिकडं अजून तीनच वाजलेत. झोपली असेल." मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मात्र आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसायचे. आपल्या सकाळच्या साडेसहाला तिकडं घड्याळ बदलतं, मार्चात तासभर पुढं आणि ऑक्टोबरात तासभर मागं. आपल्या वेळेतून किती तास वजा करायचे, तो आकडा माझ्यात लिहिलेला असतो; बरोबर साडेसहाला ते तो हातानं बदलायचे, साडेपाचाचे साडेचार नाहीतर साडेचाराचे साडेपाच.

पुण्याच्या इंद्रजीत नावाच्या संपादकानं एकदा त्यांना चर्चापानावर लिहिलं, की काका, ही ओळ आपोआप बदलेल अशी करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. काकासाहेबांनी उत्तर दिलं, "राहू द्या. मी हातानंच करीन." त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. होताच म्हणा. पण बापानं लेकीसाठी करण्यासारखं एवढं एकच काम शिल्लक होतं, ते यंत्राला कसं देऊन टाकायचं?

आता खरं दुखणं सांगते. तिसऱ्या वर्षापासून रूपासुद्धा माझ्याकडं यायला लागली. परक्या गावात मराठी अक्षरं बघावीशी वाटली असतील. दुपारच्या सुट्टीत दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून माझं पान उघडायची, मला ताजी करायची, हातातल्या घड्याळाशी ताडून पाहायची. घड्याळं बदलली की त्या रविवारी हमखास यायची, आणि मी बरोबर असले की हसायची. एकदा शेजारच्या पोरीला म्हणाली, की कोण जाणे कोण आहे, पण लांब बसून आमच्या गावचं घड्याळ सांभाळतोय. 'इतिहास' तिनं कधी उघडला नाही.

सकाळी बाप आणि दुपारी लेक, एकाच ओळीवर बोट ठेवून जायचे. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं. पण मला आकड्यांपलीकडं काही बोलता येत नाही, आणि त्या आकड्यांत 'तुझे अण्णा' बसत नाही. लई तळमळले मी.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी काकासाहेब यायचे बंद झाले. मी वाट पाहिली. मार्चचा शेवटचा रविवार आला, आपले सकाळचे साडेसहा वाजून गेले, कुणी आलं नाही. माझ्यातला आकडा हिवाळ्याचाच राहिला.

रूपा दुपारी एक वाजता आली. मी बारा दाखवले. तिनं पुन्हा ताजं केलं, मी बारा वाजून एक मिनिट दाखवलं. तिच्या कपाळावर आठी आली. हा माणूस तर कधी चुकत नाही. आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा 'इतिहास' उघडला.

संपादकाचं नाव होतं 'टाइमकीपर छावणी'. सगळ्यात जुनी नोंद तळाला असते, म्हणून ती खालून वर वाचत गेली. 'लेटमार्क माझा होता. रूपा खरं बोलली होती.' त्यावर, 'उन्हाळी वेळ केली. आईला जाऊन आज वर्ष झालं.' त्यावर, 'हिवाळी वेळ केली. तिकडं आता लवकर अंधार पडेल, स्वेटर घालत जा.' शेवटपर्यंत तिला वाचवेना. माझं पान तसंच उघडं ठेवून तिनं घरचा नंबर लावला; तो ती विसरलीच नव्हती.

फोन केसरबाईंनी उचलला. आवाज त्यांनी लगेच ओळखला. रूपानं विचारलं, "अण्णा कुठंयत?"

"परवाच तेरावं झालं गं. तुझा नंबर कुणाकडंच नव्हता, कसं कळवणार?"

मग केसरबाईंनी हळूहळू सांगितलं. अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, जीभ जड झाली. पण शुद्ध होती तोवर एकच घोकत होते, रविवारी साडेसहाला मला उठवा, घड्याळ पुढं करायचंय. "कोणतं घड्याळ ते मला काय कळलं नाय, पोरी. मी आपलं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्यासमोर एक तास पुढं केलं. ते बघून निवांत झाले. अजून तसंच चालू हाय. मागं करू का आता?"

वीस मिनिटांतली किती उरली होती कुणास ठाऊक. रूपा तोंडावर हात दाबून रडत होती. मग म्हणाली, "नको आई. घड्याळ ऑक्टोबरात मागं करतात. मी येते, तेव्हा आपण दोघी करू."

त्याच बाकावर बसून तिनं माझ्यातला आकडा बदलला. पहिल्याच प्रयत्नात जमलं नाही, कारण डोळ्यांनी दिसत नव्हतं. नोंदीत तिनं लिहिलं : 'उन्हाळी वेळ केली. उशीर झाला, अण्णा.'

आठवड्यानं इंद्रजीतनं पुन्हा विचारलं, की ताई, आता तरी ही ओळ आपोआप बदलणारी करून देऊ का? तिचं उत्तर मी आधीच ओळखलं होतं. आता रोज दुपारी ती एकटीच येते. सकाळी मी आदल्या दुपारच्या एकवरच अडून बसते, कपबशीचा आवाज येईल म्हणून. येत नाही.

तुमचं कुणी असं लांब असेल, तर माझ्यासारख्या ओळीवर बोट ठेवून बसू नका. मी फक्त तिकडं किती वाजले ते सांगते. फोन तुम्हालाच करावा लागतो, बाबांनो, आणि तो वेळेत करा.