हिरव्या चिंधीचा रेचा

साल १९६२, पौष महिना. सकाळी साडेदहा वाजता शहाद्याजवळच्या एका जिनिंग कारखान्यात धनुबाईंच्या लुगड्याचा पदर रेच्यात गेला. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र. धनुबाईंनी तो बंद करण्याची दांडी ओढली. दांडी हलली नाही.

मित्रांनो, मी याच कारखान्यातली एक जुनी सागाची काठी आहे. खापर गावच्या रेवजी सुतारांनी मला तासले आणि टोकाला दोन फाट्यांचे लोखंडी बेळके बसवले. रेच्यांच्या खाली तळघरात एंजिनावर चालणारा लांब लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, फिरतो. त्याच्यावरून प्रत्येक रेच्याला एक पट्टा जातो. तो पट्टा मी शेजारच्या मोकळ्या चाकावर सारते. तेवढा एकच रेचा थांबतो, बाकीचे चालू राहतात.

पूर्वी हे काम रोजचे होते. खंडेनवमीला धनुबाई आठवणीने मला हळदकुंकू लावत. "इंद्रसिंगभाऊ, तुन्ही काठी तुन्हापेक्षा शहाणी शे," असे दुसऱ्या रेच्यावरच्या रुक्मिणीबाई फिटरला चिडवत. पुढे रेच्यांना दांड्या बसल्या आणि मी तेलाच्या पिंपामागे पडले. दांड्यांना वेळच्या वेळी तेल देणे मात्र राहून गेले.

त्या सकाळी वरून ओरड आली, "तीन नंबर! थांबाड रे भाऊ!"

एंजिन बंद केले असते तरी त्याचे जड चाक बराच वेळ फिरत राहिले असते. इंद्रसिंगांनी मला उचलले आणि तिसरा पट्टा सारला. रेचा थांबला. किंकाळी थांबली नाही.

"मन्हा रेचा काबर थांबाडा?" वरून रुक्मिणीबाई ओरडल्या. "धनुना चालू शे! दारकडथीन मोज!"

बाया दारापासून मोजत, फिटर एंजिनापासून. पूर्वी ओरड नावाने होई, म्हणून आजवर या फरकामुळे कोणाचे अडले नव्हते. इंद्रसिंग दुसऱ्या टोकाला धावले. मी पट्ट्याला भिडले, घसरले, पुन्हा भिडले. रेचा थांबला. धनुबाईंची दोन बोटे चेचली, पण हात वाचला.

त्या दुपारी रुक्मिणीबाईंनी बायांकडून रंगीत चिंध्या गोळा केल्या. प्रत्येक रेच्याला वर एक आणि खाली त्याच्या पट्ट्याजवळ तसलीच दुसरी बांधली. आता नंबर नाही, रंग ओरडायचा. हिरवी चिंधी धनुबाईंच्या फाटक्या पदराची आहे. इंद्रसिंगांनी सगळ्या दांड्या खोलून तेल दिले. माझी जागा आता जिन्याशी, खिळ्यावर. या माणसांची मी ऋणी आहे. मित्रांनो, यंत्र चालवण्याआधी ते थांबते का हे पाहत जा, आणि मोजायचे कुठून ते आधी ठरवून घ्या.

आज सकाळी धनुबाई पुन्हा कामावर आल्या. हाताला पट्टी आहे. त्या आपल्या रेच्यासमोर बसल्या आहेत. पट्टा अजून मोकळ्या चाकावर फिरतो आहे.

"बहीन, चालू करू का?" इंद्रसिंगांनी खालून विचारले. मी त्यांच्या हातात आहे.

वर धनुबाई पदर कमरेला खोचून आधी दांडी हलवून पाहत आहेत.