बिनतर्रीची पार्टी

पावसाळ्यापासून आमच्या घरची पार्टी अडकून होती, आणि ती काहून अडकली हे दोघांलेच माहीत होतं, मले आणि माझ्या नवऱ्याले, म्हणजे दीक्षाच्या बाबाले. बाकी सगळ्या कोराडीले वाटे, बळीराम रिटायर झाला आणि एकदम कंजूस झाला.

रिटायर झालेल्या माणसानं आपल्या शिफ्टले पार्टी द्यायची, हे पॉवर हाऊसमध्ये कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण टाळत बी कोणी नाही. त्यात दीक्षाच्या बाबाची शिफ्ट म्हणजे येड्यायचा बाजार. सारी नोकरी हे लोक एका टेबलावर जेवले. टेबलावर पेपर अंथरायचा, सगळ्यायचे डबे मधात उघडायचे आणि ज्याचा हात जिथं पोहोचेल तिथलं त्यानं खायचं. आपला डबा आपल्यापुढं ओढून जो बसला तो रुसला, असा तिथला कायदा. एकदा त्यायच्यातल्या भैयाजीनं पोट बिघडलं म्हणून वेगळा दहीभात खाल्ला, तर संध्याकाळी अख्खी शिफ्ट त्याले मनवायले क्वार्टरवर गेली. तो बिचारा पोट धरून बसलेला, आणि हे विचारून राहिले, आमचं काय चुकलं गा.

अशा माणसांत बसणाऱ्या दीक्षाच्या बाबाचं तोंडच आता उघडत नव्हतं.

खर्रा, दुसरं काय. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं पन्नीत घोटायचं आणि दिवसभर गालात दाबायचं. मी भांडली, पुड्या नालीत फेकल्या, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एक दिवस पोळीचा घास दातांवर अडला. तिखटाचं बोट लागलं तरी डोळ्यांतून पाणी. डॉक्टरनं त्यायचीच तीन बोटं उभी करून त्यायच्याच तोंडात घालायले लावली. दोन गेली, तिसरं बाहेरच राहिलं. मग गालाचा तुकडा काढून तपासायले पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी कशी जगली ते माझं मले ठाऊक. रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नाही, डॉक्टर म्हणाले, पण खर्रा आजच्या आज बंद, तोंडाचा व्यायाम रोज, आणि तिखट, गरम, कडक काही नाही.

खर्रा सोडला त्यायनं, खोटं काहून बोलू. पण खर्र्यासोबत मित्र बी सोडले. टपरीवर जाईना, फोन उचलेना.

"पार्टी देऊन टाका ना," मी म्हणायची.

"आणि मी काय खाऊ? ते रस्सा ओरपतील आणि मी कोपऱ्यात वाटीतला गुरगुट्या भात चाखत बसू? त्यायच्यापुढं?"

"मग सांगून टाका खरं काय ते."

"तू सांगितलंस तर घर सोडून जाईन."

साठीतला माणूस घर सोडून जाईल कुठं, तर वाडीले भावाकडे, आणि दिवेलागणीले परत. त्या धमकीले मी भीत नव्हती. पण शब्द दिला होता, म्हणून गप्प होती.

मग संक्रांतीनंतर शालिकरामचा फोन आला. शालिकराम म्हणजे यायचा जिगरी. हिरवी मिरची काकडीसारखी खाणारा आणि फोनवर बोलला तर तीन घरांले ऐकू जाणारा माणूस. स्पीकर लावायची गरजच नाही. "बळीराम, आम्ही रविवारी चार वाजता येऊन राहिलो. दार उघडलं आणि आमच्यासोबत बसून खाल्लं तर दोस्ती. नाही तर पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही कोणी. लय झालं आता."

फोन ठेवून हे खिडकीपाशी बसले ते अंधार होईपर्यंत उठले नाहीत. मले खरंच भीती वाटली. तोंडाच्या दुखण्यातून वाचलेला माणूस आता एकटेपणानं जातो की काय, असं वाटलं.

रात्री दीक्षाले पुण्याले फोन लावला. पोटच्या पोरीले सांगितलं तर शब्द मोडत नाही, असं मनाशी ठरवलं. पोट्टी माझी शहाणी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, डिप कर. मधात एक मोठं भांडं ठेवायचं, सगळे त्यातच बुडवून खातात. कोणी कोणाचं ताट पाहत नाही. बाबा ब्रेडचा मऊ तुकडा बुडवतील, बाकीचे टोस्ट बुडवतील. कोणाले काय समजते?"

"म्हणजे चटणी."

"चटणी नाही आई. चटणी चाटतात. हे पोटभर खातात."

करायले तर इतकं सोपं की मले आधी विश्वासच बसला नाही. बरबटी रात्री भिजवायची, सकाळी मऊ शिजवायची. चवळी म्हणा हवं तर, आम्ही बरबटी म्हणतो. लाल कोहळ्याच्या फोडी आणि दोन गाजरं वाफवून घ्यायची. लसूण कच्चा नाही, तव्यावर भाजून. पाणी काढलेलं घट्ट दही, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, चमचाभर तेल. सगळं मिक्सरमध्ये लोण्यासारखं फिरवायचं आणि वरून सांबार, म्हणजे पुण्याची कोथिंबीर, अगदी बारीक चिरून. झालं. ना फोडणी, ना मिरची. शनिवारी थोडं करून यायच्यापुढं ठेवलं. कडा काढलेल्या ब्रेडचा तुकडा बुडवून त्यायनं रोजच्यासारखा बोटानं तोंडात सरकवला. मी डोळ्यांकडे पाहून राहिली. पाणी आलं नाही.

"सगळे हेच खातील?" त्यायनं विचारलं.

"हेच. एकाच भांड्यातलं."

"मग येऊ दे," म्हणाले. आणि वाटी पुसून खाल्ली.

रविवारी दुपारी मोठा स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, भरून डिप तयार केलं. काकडी, गाजर, मुळ्याच्या लांब फोडी, टोस्ट, पापड, ब्रेडचे मऊ चौकोन, सगळं परातीत रचलं. शेजारची कौसल्या मदतीले आली होती. कौसल्या मनानं सोनं, पण तिचा हात रिकामा राहत नाही आणि तोंड त्याहून नाही.

"काय वं माया, हे असं पिवळं फक्क? बिमार माणसाचं खाणं वाटून राहिलं."

"असंच असते ते. दीक्षानं सांगितलं."

"पुण्यात असेल असं."

मी हसली आणि आंघोळीले गेली. तीच माझी घोडचूक. अंगावर पाणी घेता घेता फोडणीचा ठसका नाकात आला. मले वाटलं बाजूच्या घरातून येऊन राहिला. साडी नेसून स्वयंपाकघरात आली तर कौसल्या हातात झारा घेऊन उभी, आणि गंजात लालेलाल. तेल कडकडून तापवून, त्यात भिवापुरी तिखट टाकून तिनं झणझणीत तर्री केली होती. नुसती वरून ओतली असती तर काढता बी आली असती. या बाईनं ढवळून एकजीव केली होती.

"आता दिसते खाण्यासारखं," ती म्हणाली. "पाहुण्यांपुढं बिनतर्रीचं ठेवतात काय वं? लोक नाव ठेवतील तुले."

माझ्या डोक्याची शीर तडकली. "तुले कोणी सांगितलं होतं शहाणपण करायले? माझं घर, माझा गंज, माझी पार्टी. हात कापून ठेव आपले." असंच बोलली मी. कौसल्याचं तोंड एवढंसं झालं. आणि मग मले रडू आलं आणि शब्दबिब्द सगळा राहिला बाजूले. खर्रा, तीन बोटं, गालाचा तुकडा, शालिकरामचा फोन, सगळं मी तिले सांगून टाकलं. बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज येऊन राहिला होता.

कौसल्या एक क्षण खुर्चीवर टेकली. मग पदर खोचून उठली. "बरबटी उरली आहे का?"

भिजवलेली उरली होती, उद्याच्या उसळीसाठी. कोहळ्याची एक फाक फ्रिजमध्ये होती. दही तिनं आपल्या घरून पळत जाऊन आणलं. मी बाहेर चहा दिला, आत एक शिट्टी काढली, मिक्सर फिरवला. भैयाजीनं बाहेरून विचारलं, "वहिनी, पीठ दळून राहिल्या काय?" चहाचे कप खाली यायच्या आत दुसरं भांडं तयार झालं. लहान होतं, पण होतं. कौसल्यानं चमचाभर चाटलं आणि म्हणाली, "एक मिरची बी नाही टाकली वं मी." मी तिचा हात दाबला.

तरी घोटाळा व्हायचा तो झालाच. मी दोन्ही भांडी टेबलावर ठेवली, लाल मोठं मधात आणि पिवळं त्याच्या बाजूले. दीक्षाच्या बाबानं दोन भांडी पाहिली आणि त्यायचा चेहरा पडला. एकच भांडं म्हणून कबूल झालेला माणूस. आता पिवळ्यात हात घातला तर वेगळं खाल्लं, आणि लालमध्ये घातला तर मेले. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

बाकीच्यायनं लालवर झडप घातली. "वा वहिनी, काय तर्री आहे," भैयाजी म्हणाला आणि मग यायच्याकडे पाहिलं. "बळीराम, घे ना गा. का रुसला?"

"घेतो," हे म्हणाले. घेतलं नाही.

दारातून कौसल्या पाहून राहिली होती.

तेवढ्यात माझं लक्ष शालिकरामकडे गेलं. त्यानं टोस्ट लालमध्ये बुडवून तोंडाले लावला, "जबरदस्त," म्हणाला, आणि डोळे रुमालानं पुसले. मिरच्या काकडीसारख्या खाणारा शालिकराम. उरलेला टोस्ट त्यानं गुपचूप बशीखाली सरकवला. मग पिवळं भांडं आपल्याकडे ओढलं. "हे काय आहे पाहू. मले ॲसिडिटी होऊन राहिली आजकाल." ब्रेडचा मऊ चौकोन घेतला, त्याचे लहान तुकडे केले आणि एक एक तुकडा ओठांच्या कोपऱ्यातून बोटानं आत ढकलला.

ते बोट मी पावसाळ्यापासून रोज पाहत होती. आणि मी एकटीच पाहत नव्हती.

"शालिक," दीक्षाचे बाबा हळू बोलले. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

यायनं आपली तीन बोटं एकावर एक जोडून त्याच्यापुढं धरली. "तोंडात घाल आपली. अशी उभी."

भैयाजी हसला, त्याले गंमत वाटली. शालिकराम हसला नाही. त्यानं बोटं वर नेली. दोन गेली, तिसरं अडकलं. त्यानं हात खाली घेतला आणि बशीकडे पाहत राहिला.

मग दीक्षाच्या बाबानं सगळ्यायच्यापुढं स्वतःची बोटं स्वतःच्या तोंडाले लावली. "माझी बी नाही जात. म्हणून पार्टी दिली नाही. कंजूस नाही झालो बावा, लाज वाटत होती तुमच्यात बसायची."

भैयाजीनं तोंडातला घास कसाबसा गिळला. "येड्या," तो म्हणाला, "आम्हाले वाटलं आमचंच काही चुकलं."

"घरी सांगितलं का?" दीक्षाच्या बाबानं शालिकरामले विचारलं.

"नाही. कॅन्सर निघाला तर? तपासलंच नाही म्या."

"माझा नाही निघाला. उद्या तू माझ्यासोबत चल."

शालिकरामनं मान हलवली. भैयाजीनं लाल गंज उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवला, पिवळं भांडं टेबलाच्या बरोबर मधात सरकवलं आणि आपला टोस्ट त्यात बुडवला. मग बाकीच्यायचे हात आले. शेवटी यायचा आला. त्या हातांच्या गर्दीत कोणतं बोट कोणाचं, काही समजत नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. इतक्या महिन्यांनी मले पोटभर श्वास घेता आला, खरं सांगते.

लाल गंज कौसल्या घरी घेऊन गेली. तिच्या नवऱ्यानं पोळीसोबत सगळा साफ केला आणि वर विचारलं, पुन्हा कधी करशील. तिचं समाधान झालं, माझं बी.

सोमवारी सकाळी शालिकराम स्कूटर घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या खिशात पुडी नव्हती, त्यानं खिसा उलटा करून यायले दाखवला. दवाखान्यात नंबर उशिरा लागते, म्हणून मी पहाटेच पिवळं डिप करून ठेवलं होतं. कौसल्या कुंपणावरून पाहून राहिली होती.

"दोन डबे देऊ का वं माझ्याकडचे?" तिनं विचारलं. "दोघायले दोन होतील."

"नको," मी म्हटलं. एकच मोठा डबा भरला आणि वर चमचे दोन ठेवले.