मिटताना वाजलं पाहिजे

तिसऱ्या खेपेलाही पातं हललं नाही, तेव्हा रोपवाटिकेच्या बाईंनी घडीचा चाकू बाकावर ठेवला आणि आपलं तुटलेलं नख दाखवलं. चाकू देखणा आहे, त्या म्हणाल्या, पण सोबत एक पैलवानही द्या.

चाकू घडवणारा म्हातारा हसला आणि दुरुस्त करून देतो म्हणाला. त्याच्या बायकोला मात्र हसू आलं नाही. महिन्याभरात परत आलेला हा चौथा चाकू. चाळीस वर्षं ती समोरच्या बाकावर बसून मुठी घासत आली होती, आणि एवढ्या वर्षांत त्याचा चाकू कुणाच्या नखाला जड गेला नव्हता.

दुपारी ती हातातलं काम सोडून बघत राहिली. शेवटचं रिव्हेट ठोकून जोड पक्का करण्याआधी तो चाकू कानाशी धरायचा, उघडायचा, मिटायचा. पातं बसताना टक् वाजलं की पातं दाबून धरणारी स्प्रिंग जमली. दुसरं माप या घरात कधी आलंच नाही. आजही चाकू वाजला. तिच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू आला. त्याने नकारार्थी मान हलवली, स्प्रिंग काढली आणि आणखी जाड घेतली.

उठून ती त्याच्या जवळ गेली.

“अहो, वाजला की तो.”

त्याने हातातली स्प्रिंग बाकावर ठेवली.

“दोन वर्षं कान कमी होत चाललेत,” तो म्हणाला. “आता टक् तर नाहीच, तुझं बोलणंही निम्मंच ऐकू येतं.”

“आणि मी समजत होते, तुम्ही वाद घालायचं सोडलंत.”

दोघांचं हसून झालं तरी त्याचे हात मांडीवरच पडून होते. तिने सुचवलं, कान माझे, हात तुमचे. तो म्हणाला, काम बंद करीन एक वेळ, पण कीव करून पास केलेला चाकू या दारातून बाहेर जाता कामा नये.

सकाळी त्याने नवा चाकू जुळवला आणि रिव्हेट न ठोकताच तिच्या हाती दिला. तिने तो कानाशी धरला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. हो म्हणणं अगदी सोपं होतं.

“नाही जमला,” ती म्हणाली. मग मोठ्याने, “ढिला आहे. आवाजच नाही त्याला.”

त्याचा चेहरा खुलला. चाकू परत घेऊन त्याने सुटा केला, आणि एप्रनच्या खिशातून बरोबर जाडीची, काल वाजलेली आणि मुद्दाम बाजूला ठेवलेली स्प्रिंग काढून बसवली.