नवव्या पानावरचा पट्टा

निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, मधोमध चहाचा डाग पडलेली वही म्हणजे मी. एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक विभागात मला अकरा वर्षे झाली. मित्रांनो, माझ्यात कविता नाहीत की गणिते नाहीत. माझ्यात पत्ते आहेत.

संगणकांनाही पत्ते लागतात. आमचे बरेचसे संगणक इमारतीत नाहीतच. ते दूर कुठेतरी भाड्याने घेतले आहेत. त्यालाच सगळे क्लाउड म्हणतात. तिथे प्रत्येक विभागाचे आपले नेटवर्क आणि प्रत्येक नेटवर्कला पत्त्यांच्या आकड्यांचा एक पट्टा. दोन नेटवर्क वेगळी आहेत तोवर दोघांचा पट्टा एकच असला तरी कुणाचे काही अडत नाही. ती जोडायची म्हटली की घोळ होतो. एकाच गल्लीत बारा नंबरची दोन घरे असली तर पोस्टमनने पत्र कुठे टाकायचे?

म्हणून ताईंनी मला आणले. ताई म्हणजे विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख. नवा पट्टा देण्याआधी त्या माझे पान न् पान बोट फिरवत वाचत आणि मगच पेन्सिल उचलत. प्रयोगशाळेचे नेटवर्क एका दुपारात विनातक्रार जोडले गेले, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी त्यांचे कौतुक केले. "माझं नका करू, हिचं करा," असे म्हणत ताईंनी मला थोपटले होते.

निवृत्त होताना त्यांनी मला नव्या प्रमुखाच्या हाती दिले. तो पूर्वी संगणकाचे वर्ग घ्यायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. "नवीन काही काढायच्या आधी हिला विचारत जा. कोण कधी कुणाला जोडायला सांगेल याचा नेम नसतो," ताई म्हणाल्या. त्याने मान डोलावली आणि मला खणात ठेवले. माझ्यावर जुने चार्जर आले, मग वायरींचा गुंता.

मास्तर वाईट नव्हता. तिघांचे काम एकटा ओढत होता. मुलांच्या वॉर्डाचे नवे नेटवर्क उभारताना पडद्याने आपणहून एक पट्टा सुचवला आणि त्याने होकार दाबला. तो औषधभांडाराचा पट्टा होता. माझ्या चौथ्या पानावर ठळक लिहिलेला. पण खणातल्या वहीला कोण विचारतो? दीड वर्ष कुणाला काही कळले नाही.

मग वॉर्ड आणि औषधभांडार जोडायचे ठरले. कोणत्या मुलाला कोणते औषध सोसत नाही, हे भांडाराला आपोआप दिसावे म्हणून. ठरलेल्या सकाळी मास्तरने जोडणी सुरू केली आणि पडद्याने ती नाकारली: दोन्हीकडचे पत्ते एकमेकांवर येतात. दुपारी मोठे डॉक्टर पाहायला येणार होते. वॉर्डाचा पट्टा बदलायचा तर तिथली संगणकयंत्रे थांबवायला हवीत. त्याने ती थांबवली. कुणालाही न सांगता. दहा मिनिटांत होईल असे त्याला वाटले.

अंदाजाने घेतलेला नवा पट्टा प्रयोगशाळेच्या पट्ट्यावर आला. दुसरा एक्सरे विभागाच्या. जुनी मांडणी त्याने तोवर पुसून टाकली होती. आता पुढेही जाता येईना आणि मागेही फिरता येईना. एवढ्यात वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरचा फोन आला. सहा वर्षांची मुलगी तापाने फणफणलेली होती. तिला एक औषध चालत नव्हते आणि त्याची नोंद संगणकात होती. ती उघडत नव्हती. आई गावाला गेलेली, तिचा फोन लागेना. वडिलांना औषधाचे नाव आठवेना.

"किती वेळ लागेल?" सिस्टरनी विचारले.

"चाळीस मिनिटं तरी."

"तेवढा वेळ नाहीये तिच्याकडे," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

मास्तरने खण ओढला तो इतक्या जोरात की तो निखळून खाली पडला. चार्जर, वायरी आणि मी जमिनीवर. तो गुडघ्यांवर बसून माझी पाने उलटू लागला. नवव्या पानावर ताईंचे अक्षर होते: 'रिकामा. मुलांच्या वॉर्डासाठी राखून ठेवला आहे.' तो तिथेच थांबला.

त्या पट्ट्यावर त्याने नवे नेटवर्क उभे केले, वॉर्डाच्या नोंदींची सकाळी घेतलेली प्रत त्यात उतरवली. जोडणी पहिल्याच खेपेला झाली. तोवर तास उलटून गेला होता.

दुपारी सिस्टर स्वतः आल्या. डॉक्टरांनी अंदाजाने इंजेक्शन दिले होते आणि नेमके तेच तिला न सोसणारे निघाले. घसा सुजून श्वास कोंडला होता. मुलगी आता श्वासाच्या यंत्रावर होती.

"चूक माझी आहे," मास्तर म्हणाला.

"चुका आमच्याही होतात," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "पण बंद करायच्या आधी एक फोन का नाही केलात? पाच मिनिटांत सगळ्या मुलांची औषधं मी हातानं उतरवून घेतली असती."

तीन दिवस तो कामावर येई, पहिल्यांदा वॉर्डाच्या दाराशी जाऊन उभा राही आणि मग माझ्यासमोर येऊन नुसता बसे. चौथ्या दिवशी मुलीची नळी निघाली. तिने घोगऱ्या आवाजात आईला हाक मारली, असे त्याने ताईंना फोनवर सांगितले आणि तो रडला.

मित्रांनो, ती वाचली. आता मास्तर रोज माझ्यात लिहितो आणि विभाग वाढतच आहेत. माझी दोनच पाने कोरी उरली आहेत. शिवण उसवली आहे, ताईंची पेन्सिल पुसट होत चालली आहे आणि माझी दुसरी प्रत कुठेही नाही. मला हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या हाती मी पडले, तर कृपा करून आधी मला उतरवून घ्या.